पावसाळ्याआधी गोळ्यांच्या डब्याचे काय करावे?

गोदाकाठ (नाशिक):

नमस्कार. करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात, म्हणजे २०२० साली, आमच्या घरी गोळ्यांचा एक डबा सुरू झाला आणि तो अजूनही जेवणाच्या टेबलावर आहे. वडील ७२ वर्षांचे आहेत, त्यांना मधुमेह आहे आणि थायरॉइडची गोळी ते रोज पहाटे घेतात. आई ६८ वर्षांची आहे. आम्ही दोघे आणि नऊ व चार वर्षांची दोन मुले धरून घरात सहा माणसे. डब्यात ‘क’ जीवनसत्त्वाच्या ५०० मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळ्या, जस्त असलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या असतात. शेजारी गुळवेलीच्या रसाची बाटली असते. आई-वडील दर रविवारी दुधातून ‘ड’ची पुडी घेतात. ती पहिल्यांदा कोणी लिहून दिली होती आणि किती दिवसांसाठी, हे आता कोणालाच आठवत नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये वडिलांना फ्लू झाला, त्याचा न्यूमोनिया झाला आणि त्यांना पाच दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. यांतली एकही गोळी त्यांनी कधी चुकवली नव्हती. मी तसे म्हणाले तेव्हा आईचे उत्तर होते की गोळ्या नसत्या तर याहून वाईट झाले असते. या उत्तरावर काय बोलावे ते मला सुचले नाही, कारण ते खोटे आहे असे मी सिद्ध करू शकत नाही आणि खरे आहे असे मानायला मन तयार होत नाही.

पावसाळा तोंडावर आहे. या गोळ्यांपैकी कशाने सर्दी-फ्लू खरोखर टळतो, आजार सुरू झाल्यावर कशाचा उपयोग होतो आणि मुलांना यातले काय द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. खर्चाची बाब दुय्यम आहे. वडिलांना पुन्हा प्राणवायू लावण्याची वेळ येऊ नये एवढीच माझी इच्छा आहे.

कृष्णाकाठचा फिजिशियन (सांगली):

नमस्कार. सुरुवात आपल्या आईंच्या म्हणण्यापासून करतो, कारण त्यात चुकीचे काही नाही. फक्त एका घरात त्याचा निकाल लावता येत नाही. गोळ्या घेतलेले आपले वडील आणि न घेतलेले तेच वडील अशी तुलना कोणालाच करता येत नाही. म्हणून हजारो माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात, एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी द्यावी लागते आणि कोणाला काय मिळाले हे शेवटपर्यंत झाकून ठेवावे लागते. सर्दीच्या बाबतीत हे विशेष गरजेचे आहे, कारण ती बहुधा आठवडाभरात आपोआप बरी होते आणि त्या आठवड्यात जे काही घेतले असेल त्याला श्रेय मिळून जाते.

‘क’ जीवनसत्त्वाचा एवढा गाजावाजा झाला तो मुख्यतः लायनस पॉलिंग यांच्यामुळे. दोन नोबेल पारितोषिके मिळालेल्या या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये मोठ्या मात्रेचा जाहीर पुरस्कार केला आणि त्यांच्या नावाच्या वजनामुळे तो जगभर पसरला. त्यानंतर झालेल्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये जो एकत्रित आढावा घेतला, त्यात अकरा हजारांहून अधिक माणसांची माहिती होती. रोज २०० मिलिग्रॅम किंवा अधिक ‘क’ घेणाऱ्या सर्वसाधारण माणसांना सर्दी व्हायची तेवढीच झाली. झालेली सर्दी मोठ्यांमध्ये सुमारे ८ टक्क्यांनी आणि मुलांमध्ये १४ टक्क्यांनी लवकर आटोपली. म्हणजे वर्षभर रोज गोळी घेतल्यावर मोठ्यांच्या सात दिवसांच्या सर्दीतला जेमतेम अर्धा दिवस वाचला. मॅरेथॉन धावणारे, बर्फावरचे स्कीपटू आणि कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक अशा ५९८ जणांच्या पाच चाचण्यांत मात्र सर्दीचे प्रमाण निम्म्याने घटले होते, आणि हा निष्कर्ष मी गंभीरपणे घेतो. परंतु तो शरीरावर अतिशय ताण पडणाऱ्यांपुरता आहे. आणि बहुतेक लोक जे करतात, म्हणजे नाक वाहू लागल्यावर गोळी सुरू करणे, त्यापासून सातत्याने फायदा झाल्याचे दिसले नाही.

करोनाच्या वेळीही हे तपासून झाले. अमेरिकेत २१४ रुग्णांवरची एक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात रोज ८,००० मिलिग्रॅम ‘क’, ५० मिलिग्रॅम जस्त, दोन्ही किंवा नेहमीचे उपचार असे चार गट होते. लक्षणे कमी होण्यात अर्थपूर्ण फरक पडत नाही हे पाहून ती मध्येच थांबवण्यात आली. भारतात आरोग्य सेवा महासंचालनालयाने मे २०२१ मध्ये सौम्य करोनाच्या उपचारांतून जस्त आणि मल्टिव्हिटॅमिन वगळले. ती बातमी फार थोड्या घरांपर्यंत पोहोचली. सुरू करण्याचा सल्ला सगळ्यांनी ऐकला, थांबवण्याचा नाही.

जस्ताची गोष्ट किंचित वेगळी आहे. कॉक्रेनच्या २०२४ च्या आढाव्यात ३४ अभ्यास आणि साडेआठ हजार माणसे होती. जस्ताने सर्दी टळते असे त्यात आढळले नाही. सर्दी झाल्यावर घेतल्यास आजार सुमारे दोन दिवसांनी कमी होत असावा, पण हा पुरावा कच्चा आहे असे लेखकांनीच नोंदवले आहे, आणि तोंड कडवट होणे व मळमळ हे त्रास जस्त घेणाऱ्यांत अधिक होते. यातला मोठा भाग तोंडात हळूहळू विरघळणाऱ्या, बऱ्याच मोठ्या मात्रेच्या गोळ्यांचा आहे, तेव्हा आपल्या डब्यातली गिळायची मल्टिव्हिटॅमिन त्या जागी बसत नाही. मोठी मात्रा महिनोन्महिने घेतली तर शरीरातले तांबे कमी होते, त्यातून रक्तक्षय होतो आणि मज्जारज्जूलाही इजा पोहोचू शकते. नाकात घालायच्या जस्ताच्या औषधांनी वास येणे कायमचे बंद झाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये लोकांना त्यांपासून सावध केले होते.

‘ड’ जीवनसत्त्वाबद्दल मी स्वतः काही वर्षे आशावादी होतो, हे मोकळेपणाने सांगतो. २०१७ मध्ये २५ चाचण्यांतील सुमारे अकरा हजार माणसांच्या माहितीवरून श्वसनसंसर्ग थोडे कमी होतात असे दिसले होते, विशेषतः ज्यांची पातळी अगदी खालावलेली आहे आणि ज्यांना रोज किंवा दर आठवड्याला बेताची मात्रा मिळते अशांमध्ये. पुढे मोठ्या चाचण्या आल्या. ब्रिटनमध्ये ६,२०० लोकांत पातळी तपासून कमी असलेल्यांना ‘ड’ दिले, नॉर्वेत सुमारे ३४ हजार लोकांना हिवाळ्यात कॉड माशाचे तेल किंवा त्याच्यासारखे दुसरे तेल दिले. २०२२ मध्ये दोन्हींचे निष्कर्ष आले आणि फायदा दिसला नाही. २०२५ मध्ये ४६ चाचण्या एकत्र केल्यावर उरलेला फरक इतका लहान होता की तो योगायोगानेही आलेला असू शकतो, आणि पातळी कमी असलेल्यांना अधिक लाभ होतो हा आधीचा निष्कर्षही टिकला नाही. आपल्याकडे ‘ड’ची उणीव सर्रास आढळते आणि ती हाडांसाठी, स्नायूंसाठी भरून काढलीच पाहिजे. उणीव भरून काढणे हा उपचार आहे. पातळी पुरेशी झाल्यावरही पुडी चालू ठेवल्याने फ्लू अडत नाही.

आपल्या प्रश्नातली मला सर्वांत खटकलेली बाब म्हणजे दर रविवारची पुडी. दर आठवड्याला ६०,००० युनिट म्हणजे सरासरी रोज साडेआठ हजार युनिट झाले. प्रौढांना दीर्घकाळ घ्यायची वरची मर्यादा रोज ४,००० युनिट मानली जाते. कृपया वडिलांची आणि आईंची ‘ड’ची पातळी, रक्तातील कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) या आठवड्यातच तपासून घ्या, आणि अहवाल येईपर्यंत पुडी बंद ठेवा.

पंचगंगा औषधालय (कोल्हापूर):

मी गेली २२ वर्षे औषधाचे दुकान चालवतो. पुडीच्या बाबतीत डॉक्टरांनी लिहिले ते किती महत्त्वाचे आहे, हे एका घटनेवरून सांगतो. एका वृद्ध गृहस्थांना आठ पुड्या लिहून दिल्या होत्या, आठवड्याला एक याप्रमाणे. त्यांनी त्या रोज एक अशा घेतल्या, संपल्यावर पुन्हा आठ नेल्या, मग पुन्हा नेल्या, आणि आमच्याकडून कोणीही त्यांना विचारले नाही की इतक्या लवकर कशा संपल्या. पाचव्या आठवड्यात उलट्या, बद्धकोष्ठ, सतत लागणारी तहान आणि बोलण्यातला गोंधळ अशा अवस्थेत त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. कॅल्शियम फार वाढले होते आणि मूत्रपिंडावर ताण आला होता. ते बरे झाले, पण ती चूक आमच्या दुकानाची होती असे मी मानतो. तेव्हापासून पुडीच्या पाकिटावर वार लिहून दिल्याशिवाय आणि गिऱ्हाइकाकडून तो वदवून घेतल्याशिवाय मी ती देत नाही. आणखी एक गोष्ट बघा: कॅल्शियमच्या बहुतेक गोळ्यांत आणि मल्टिव्हिटॅमिनमध्येही ‘ड’ असते, त्यामुळे एकाच घरात ते तीन वाटांनी पोटात जात असते आणि कोणी बेरीज करत नाही.

आपल्या वडिलांसाठी दुसरी बाब थायरॉइडच्या गोळीची. कॅल्शियम, लोह किंवा जस्त असलेली गोळी तिच्या जवळपास घेतली तर थायरॉइडचे औषध नीट शोषले जात नाही. दोहोंत किमान चार तासांचे अंतर हवे. शिवाय अनेक मल्टिव्हिटॅमिनमध्ये बायोटिन हे जीवनसत्त्व असते आणि त्यामुळे थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून तपासणीपूर्वी ती काही दिवस बंद ठेवावी आणि प्रयोगशाळेत तसे सांगावे. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविके चालू असतानाही जस्ताची गोळी त्यांच्या आड येते.

खोक्यावरची बारीक अक्षरेही वाचावीत अशी विनंती आहे. यांतली कित्येक उत्पादने औषध म्हणून नव्हे तर अन्न म्हणून विकली जातात आणि औषधी वापरासाठी नाही अशी सूचना त्यांच्यावर छापणे अन्नसुरक्षा नियमांनुसार बंधनकारक आहे. पुढच्या बाजूला ढाल आणि ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द मोठा असतो, ही ओळ मागच्या बाजूला असते.

वसईचा वाचक:

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरी थोडे वेगळे मत मांडतो. आमच्या घरात तीन पिढ्या गुळवेल आणि तुळस-सुंठ-मिऱ्यांचा काढा घेतला जातो. २०२० मध्ये आयुष मंत्रालयानेही काढा, च्यवनप्राश आणि हळदीचे दूध सुचवले होते. घरच्या औषधांकडे प्रत्येक वेळी संशयानेच पाहावे का, असा माझा प्रश्न आहे. माझी आजी ९१ वर्षे जगली आणि तिच्या अंगणात गुळवेल लिंबावर चढलेली होती.

कृष्णाकाठचा फिजिशियन (सांगली):

आपल्या आजींच्या अंगणातल्या गुळवेलीबद्दल मला आदरच आहे. माझी हरकत तिच्या वापराला नाही, तर तो ज्या पद्धतीने बदलला त्याला आहे. पूर्वी वैद्य प्रकृती पाहून, ठरावीक काळासाठी गुळवेल देत असत. २०२० नंतर ती बाटलीतून, रोज, महिनोन्महिने, कोणालाही न विचारता घेतली जाऊ लागली. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आढळले, ज्यांनी गुळवेल घेतली होती, आणि २०२१ मध्ये त्यांनी ती नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळख पटवलेली नाही आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात घेतली गेली असावी. हा आक्षेप रास्त होता. मात्र त्यानंतर २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती एकत्र आली, आणि काही जणांमध्ये स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर केलेल्या हल्ल्याची लक्षणे होती. प्रतिकारशक्ती ‘वाढवणारी’ गोष्ट नेमक्या कोणत्या दिशेला ती वाढवील, यावर आपला ताबा नसतो. थायरॉइडचा विकार अनेकदा याच प्रकारचा असतो, म्हणून आपल्या मूळ प्रश्नातल्या वडिलांना गुळवेलीचा रस रोज देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर ताबडतोब यकृताची तपासणी करावी.

घसा दुखत असताना सुंठ-तुळशीचा गरम काढा प्यावा, बरे वाटते आणि पाणीही पोटात जाते. तो रोग टाळतो असे म्हणून दिवसातून तीनदा मिरे आणि दालचिनी उकळून देऊ नये. जळजळ आणि तोंड येण्याच्या तक्रारी घेऊन त्या काळात माझ्याकडे पुष्कळ लोक येत होते.

मोसमकाठची परिचारिका (मालेगाव):

मुलांबद्दलचा प्रश्न राहून गेला म्हणून लिहिते. मी नागरी आरोग्य केंद्रात काम करते. वरची चर्चा वाचून कोणाला वाटेल की जीवनसत्त्वांचा विषाणूंपुढे काहीच उपयोग नाही, पण एका ठिकाणी तो निर्विवाद आहे आणि ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि आमच्या मालेगावात गोवराची साथ आली. गोवर श्वासावाटे पसरतो आणि त्यात मुले दगावतात ती बहुतेक न्यूमोनियाने. गोवर झालेल्या मुलाला वयानुसार ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी दिले जातात; वर्षाच्या वरच्या मुलाला एका वेळी २ लाख युनिट. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या १८९ आजारी मुलांवरची १९९० मधली चाचणी प्रसिद्ध आहे: तिच्यात एकूण १२ मुले दगावली आणि त्यांतली १० ‘अ’ न मिळालेल्या गटातली होती. साथीच्या वेळी आम्ही चाळीचाळींतून लसही देत होतो आणि ‘अ’चे डोसही. एका आईने दार लावून घेतले होते, चौथ्या खेपेला तिने स्वतः बोलावले, तो दिवस मी विसरणार नाही.

पण हेच ‘अ’ घरी मनाने देऊ नका. ते शरीरात साठते आणि जास्त झाले तर यकृताला व मेंदूला त्रास देते. आपल्या चार वर्षांच्या मुलाला नऊ महिन्यांपासून दर सहा महिन्यांनी सरकारी डोस मिळाले आहेत का, ते लसीकरणाच्या कार्डावर पाहा. पाच वर्षांपर्यंत ते चालतात. राहिले असतील तर केंद्रावर या, विनामूल्य मिळतात.

जस्ताचेही तसेच आहे. दिल्लीच्या झोपडपट्टीतल्या मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. तिच्यात नियमित जस्ताने न्यूमोनिया कमी झाला होता, कारण त्या मुलांच्या आहारातच ते कमी पडत होते. पोटभर डाळ, कडधान्ये, दाणे, अंडी खाणाऱ्या मुलाला तेवढा फायदा होईल असे समजू नये. जुलाब झाल्यावर क्षारसंजीवनीसोबत १४ दिवस जस्ताची गोळी मात्र जरूर द्यावी. ‘क’साठी पेरू द्या, १०० ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ असते आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरजही ८० मिलिग्रॅमच आहे. रात्रीच्या खोकल्याला दोन्ही मुलांना चमचाभर मध चालेल. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीही देऊ नये.

गोदाकाठ (नाशिक):

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. अहवाल आले. वडिलांची ‘ड’ची पातळी ११२ नॅनोग्रॅम आहे, आईची ९४. कॅल्शियम दोघांचेही मर्यादेत आहे, वडिलांचे मात्र वरच्या टोकाला. क्रिएटिनिन ठीक आहे. यावर पुढे काय करावे?

कृष्णाकाठचा फिजिशियन (सांगली):

वेळेवर तपासले हे फार चांगले झाले. १०० च्या वर गेलेली पातळी जास्त मानली जाते. दोघांनीही पुडी आणि ‘ड’ असलेली प्रत्येक गोळी बंद करावी, पाणी भरपूर प्यावे आणि तीन महिन्यांनी पातळी व कॅल्शियम पुन्हा तपासावे. हे जीवनसत्त्व चरबीत साठत असल्याने हळूहळूच उतरते. मधल्या काळात मळमळ, बद्धकोष्ठ किंवा खूप तहान जाणवली तर थांबू नये. अहवाल आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनाही दाखवावा.

आता ज्याने पुन्हा रुग्णालयात जाण्याची शक्यता खरोखर कमी होते त्याबद्दल. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये येते, आणि लस दिल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून एप्रिल-मे हा लसीचा योग्य काळ आहे. साठीपुढचा मधुमेही माणूस, त्यातही आधी न्यूमोनिया झालेला, म्हणजे ही लस दरवर्षी घ्यायलाच हवी असा माणूस. न्यूमोकोकसची लसही विचारून घ्या, कारण फ्लूनंतरचा न्यूमोनिया पुष्कळदा त्या जिवाणूमुळे होतो. आणि ताप-अंगदुखी सुरू झाली तर काढ्यात दोन दिवस घालवू नका: ओसेल्टामिव्हिर हे फ्लूचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते. ऑक्सिमीटरवरचा आकडा ९४ च्या खाली गेला किंवा बोलताना धाप लागली, तर रात्र असली तरी निघा.

‘क’च्या गोळ्या आईंना सोडवत नसतील तर रोज एक ५०० ची चालेल, मात्र वडिलांना पूर्वी मूतखडा झाला असेल तर तीही नको. स्वीडनमध्ये २३ हजार पुरुषांचा ११ वर्षे पाठपुरावा केला तेव्हा ‘क’च्या गोळ्या घेणाऱ्यांत मूतखड्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट दिसले होते.

गोदाकाठ (नाशिक):

वडिलांना २०१४ मध्ये मूतखडा झाला होता, हे आपण लिहिल्यावरच आठवले. आईला दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग तिनेच डब्यातल्या पुड्या काढून पिशवीत भरल्या. ‘क’च्या गोळ्या तिने स्वतःपुरत्या ठेवल्या आहेत. वडिलांची फ्लूची लस काल झाली, न्यूमोकोकसची पुढच्या शुक्रवारी आहे. धाकट्याच्या कार्डावर ‘अ’चे दोन डोस राहिलेले दिसले, त्याला सोमवारी केंद्रावर नेत आहे.